रिपोर्टात सोडियम कमी आलं म्हणजे मीठ कमी पडलं का? मूत्रपिंडाचा मीठ-पाण्याचा हिशोब

वृक्कमित्र (धागाकर्ता)

रक्ताच्या रिपोर्टात सोडियम १२८ आलं की घरात लगेच लोणचं, खारी बिस्किटं, मीठ घातलेलं लिंबूसरबत सुरू होतं. बऱ्याच वेळा हा उपाय चुकतो आणि काही वेळा अंगाशी येतो. कारण तो आकडा शरीरात एकूण मीठ किती आहे ते सांगतच नाही. लिटरभर रक्तद्रवात सोडियम किती, एवढंच तो सांगतो. वरणात पाणी जास्त पडलं की ते अळणी लागतं, पण घातलेलं मीठ कुठे गेलेलं नसतं. १२८ सोडियम असलेल्या माणसाच्या पायांवर सूज असेल, तर त्याच्या अंगात मीठ गरजेपेक्षा जास्तच आहे. पाणी मात्र त्याहूनही जास्त झालंय.

हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. रिपोर्टातलं सोडियम हे पाण्याचं माप. अंगातल्या मिठाचं माप सूज, वजन, बीपी आणि मानेची फुगलेली शीर यांवरून कळतं. मूत्रपिंडाकडे या दोन कामांसाठी दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. त्यांचे संदेश वेगळे, वेगही वेगळा.

आधी कामाचा आवाका. दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर किंवा थोडं जास्त, त्यांच्यातून फिरतं. त्यातून मिनिटाला १२५ मिलि द्रव गाळला जातो, दिवसाचे १८० लिटर. रक्तद्रव एकूण ३ लिटर, म्हणजे तोच द्रव दिवसातून ६० वेळा गाळला जातो. या १८० लिटरमध्ये सोडियम सुमारे २५,२०० मिलिमोल. मिठाच्या हिशोबात दीड किलो! दिवसाला ९ ग्रॅम मीठ खाणाऱ्याने ९ ग्रॅमच बाहेर टाकायचंय, बाकी सगळं परत घ्यायचंय. यात एका टक्क्याची चूक झाली तर १५ ग्रॅम मीठ आणि त्याच्यासोबत दीड लिटरहून जास्त पाणी अंगात साठेल.

परत घेण्याचं काम प्रत्येक गाळणीला जोडलेल्या बारीक नळीच्या चार टप्प्यांत होतं. गाळणीलगतच्या पहिल्या वळणदार भागात सुमारे ६५ टक्के सोडियम परत येतं आणि त्याच्याबरोबर तेवढंच पाणी. साखर, अमिनो आम्लं, बायकार्बोनेटही इथेच. पुढे हेन्लेचा फास, म्हणजे नळीचं गाभ्यात उतरून वर येणारं वळण. त्याच्या वर चढणाऱ्या जाड भिंतीच्या भागात २५ टक्के सोडियम ओढलं जातं, पण ही भिंत पाण्याला आरपार जाऊ देत नाही. सगळी गंमत इथे आहे. मीठ बाहेर आणि पाणी आत राहिल्यामुळे नळीतला द्रव पातळ होत जातो आणि बाहेरचा मूत्रपिंडाचा गाभा खारट होत जातो. गाभ्याच्या टोकाशी ही तीव्रता, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या कणांचं प्रमाण, १२०० मिलिऑस्मोलपर्यंत जाते. रक्तात ती २८५च्या आसपास असते. म्हणजे पातळ लघवी करायची असो की घट्ट, दोन्हींची तयारी हा एकच भाग करून ठेवतो. त्यानंतरच्या दूरच्या वळणदार भागात ५ ते ७ टक्के आणि शेवटच्या संग्राहक नळीत २-३ टक्के. हे शेवटचे २-३ टक्के दिसायला किरकोळ, पण रोजचा ताळेबंद तिथेच जुळवला जातो.

पाण्याची यंत्रणा मेंदूत आहे. हायपोथॅलॅमसमधल्या पेशींना रक्ताच्या तीव्रतेत एका टक्क्याचा फरकही कळतो. २८०-२८५च्या वर गेलं की पिट्युटरीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन, म्हणजेच एडीएच, सुटतं. संग्राहक नळीच्या पेशींत अॅक्वापोरिन-२ नावाच्या पाण्याच्या वाटा आत साठवलेल्या असतात, त्या या हार्मोनमुळे पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. मग नळीतलं पाणी खारट गाभ्याकडे ओढलं जातं आणि लघवी घट्ट होते. एडीएच थांबलं की त्या वाटा परत आत जातात आणि लघवी पाण्यासारखी येते. रक्तात एडीएच १५-२० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून हे चक्र झटपट फिरतं. निरोगी माणसाने एका दमात लिटरभर पाणी प्यायलं तर तीन-चार तासांत ते बाहेर पडलेलं असतं. तहान मात्र एडीएचच्या थोडी नंतर जागी होते. मूत्रपिंड आधी आहे ते पाणी वाचवतं, तेवढ्याने भागलं नाही तर माणसाला माठाकडे धाडतं.

मिठाची यंत्रणा मूत्रपिंडातच सुरू होते. गाळणीत येणाऱ्या धमनीतला दाब उतरला, नळीतून पुढे जाणारं क्लोराइड कमी झालं किंवा सिंपथेटिक नसा उत्तेजित झाल्या, की धमनीच्या भिंतीतल्या पेशी रेनिन सोडतात. रेनिन यकृतातून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेनचं अँजिओटेन्सिन-१ करतं. मुख्यतः फुप्फुसातल्या एन्झाइममुळे त्याचं अँजिओटेन्सिन-२ होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, पहिल्या टप्प्यातलं सोडियम शोषण वाढवतं, तहान लावतं आणि अॅड्रिनल ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन काढतं. अल्डोस्टेरॉन संग्राहक नळीत सोडियमची दारं वाढवतं, बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. उलट दिशेने, अंगात मीठ वाढून हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की ते नॅट्रियुरेटिक पेप्टाइड सोडतात आणि मीठ बाहेर जाऊ लागतं.

अल्डोस्टेरॉन पेशीत नवी प्रथिनं बनवायला लावतं, त्यामुळे ही यंत्रणा संथ. रोज ५ ग्रॅम मीठ खाणारा माणूस एकदम १५ ग्रॅमवर गेला तर लघवीतलं मीठ तेवढं व्हायला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर वजन किलोभर वाढतं. लग्नघरी चार दिवस जेवल्यावर अंगठी घट्ट होते ती यामुळेच. त्या दिवसांत रक्त तपासलं तर सोडियम १४०च येईल, कारण वाढलेल्या मिठाबरोबर तहानेने पाणीही तेवढंच आत घेतलेलं असतं.

माळरान

फार नीट मांडलंय. एक अडलं. हृदयविकारात पायाला सूज असते, म्हणजे अंगात पाणी भरपूर. मग मेंदू एडीएच थांबवत का नाही? रक्त पातळ झालंय हे त्याला कळायला हवं ना?

वृक्कमित्र

माळरान, कळतं त्याला, पण त्याहून मोठी हाक दुसरीकडून येत असते. एडीएचला दोन मालक आहेत. एक रक्ताची तीव्रता, दुसरा धमन्यांमधला भरणा, म्हणजे त्यांत रक्त किती भरलंय ते. पहिला अतिशय संवेदनशील. दुसरा भरणा ५ ते १० टक्के घटेपर्यंत गप्प बसतो, पण एकदा बोलला की पहिल्याचं काही चालू देत नाही. रक्तदाब टिकवणं हे सोडियमच्या आकड्यापेक्षा शरीराला जास्त निकडीचं.

हृदय कमजोर असताना पाणी शिरांत आणि ऊतींत साचलेलं असतं, धमन्यांत पुढे ढकललं जात नाही. मानेतल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या दाब मोजणाऱ्या पेशींना रक्तस्राव झाल्यासारखंच वाटतं. रेनिन, अल्डोस्टेरॉन, एडीएच तिन्ही जोरात चालू राहतात. यकृताच्या सिरोसिसमध्येही तेच: पोटात जलोदर, पण धमन्या सैलावल्यामुळे भरणा अपुरा. म्हणून अशा रुग्णाच्या लघवीत सोडियम २०-३० मिलिमोलच्याही खाली सापडतं. अंग मिठाने भरलेलं आणि मूत्रपिंड एकेक कण धरून ठेवतंय. इथे ताटात मीठ वाढवलं तर ते सगळं सुजेत जातं. अशा वेळी मीठ आणि पाणी दोन्हींवर मर्यादा लागते.

फार्मसी_कट्टा

धाग्यातले चार टप्पे लक्षात ठेवले तर लघवीच्या गोळ्यांचं गणित आपोआप उलगडतं, म्हणून त्यावर लिहितो.

फ्युरोसेमाइड आणि टोरसेमाइड हेन्लेच्या जाड भागावर काम करतात. तिथे २५ टक्के सोडियम हाताळलं जातं, म्हणून ही सर्वांत जोरकस. थायाझाइड गट, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन आणि त्यांच्यासारखंच काम करणारं इंडापामाइड, त्यापुढच्या भागावर. स्पायरोनोलॅक्टोन आणि अमिलोराइड अगदी शेवटी. ही दोन्ही पोटॅशियम राखून ठेवतात, बाकीच्या गोळ्या ते घालवतात.

आता महत्त्वाचं. जोरकस गोळी फ्युरोसेमाइड, पण रक्तातलं सोडियम पाडण्यात पुढे आहेत बीपीच्या 'सौम्य' थायाझाइड गोळ्या. कारण फ्युरोसेमाइड गाभ्याचा खारटपणाच मोडतं. एडीएच कितीही असलं तरी पाणी ओढायला गाभ्यात जोर उरत नाही. थायाझाइड गाभ्याला हात लावत नाही, फक्त लघवी पातळ करण्याचा टप्पा बंद करतं. म्हणजे पाणी परत ओढायची ताकद शाबूत आणि जास्तीचं पाणी टाकायची वाट बंद. त्यात बाई सत्तरीची, वजनाने कमी, जेवण थोडं आणि 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला तंतोतंत पाळणारी, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोडियम १२०वर येऊ शकतं. नवीन थायाझाइड सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम तपासायला सांगतात ते यासाठी. चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नयेत.

सोडियम पाडणारी इतर नेहमीची औषधं: एसएसआरआय गटातल्या नैराश्यावरच्या गोळ्या (एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन), फिट्ससाठीची कार्बामॅझेपिन आणि त्याहून जास्त ऑक्सकार्बाझेपिन.

फ्युरोसेमाइडबद्दल एक नेहमीची तक्रार, 'गोळीने लघवी होते पण सूज जात नाही'. गोळीचा असर सहा तास. उरलेल्या अठरा तासांत मूत्रपिंड गेलेलं मीठ हपापल्यासारखं परत धरतं. सकाळी गोळी आणि रात्री पापड-लोणचं-खारा मासा असं चाललं तर दिवसअखेर शिल्लक शून्य. आणखी एक: सूज बीपीच्या अॅम्लोडिपिन गोळीमुळे असेल तर ती मिठाची सूज नाही. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून द्रव झिरपतो. तिला लघवीची गोळी लागू पडत नाही, डॉक्टरांकडून अॅम्लोडिपिनचा डोस किंवा औषध बदलून घ्यावं लागतं.

लॅबवाला

मीठ-पाण्याचा विचार करण्याआधी आकडा खरा आहे का ते पाहा. तीन ठिकाणी फसगत होते.

ज्या हाताला ५ टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू आहे, त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतलं तर सोडियम खोटं कमी आणि साखर खोटी जास्त येते. दुसऱ्या हातातून घ्यावं.

साखर खरोखर वाढलेली असेल तर ती पेशींतलं पाणी बाहेर ओढते आणि सोडियम पातळ करते. १००च्या वर दर १०० मिलिग्रॅम साखरेमागे सोडियममध्ये १.६ मिळवून वाचावं. साखर फारच वाढली असेल तर काही जण २.४ धरतात. साखर ५०० आणि सोडियम १३० असेल तर खरा हिशोब १३६ ते १४०च्या दरम्यान. साखर उतरली की हा आकडा आपोआप वर येतो.

तिसरं, ट्रायग्लिसराइड हजारोंत असतील किंवा मायलोमात (रक्तपेशींचा एक कर्करोग) प्रथिनं खूप वाढली असतील. मोठी ऑटोअॅनालायझर यंत्रं नमुना पातळ करून मोजतात, तिथे आकडा खोटा कमी येतो. ब्लड गॅसचं यंत्र न पातळ करता मोजतं, तिथे खरा येतो. दोन्हींत फरक दिसला की उलगडा झाला.

यानंतर कारण शोधायला रक्ताची ऑस्मोलॅलिटी (वर आलेली तीव्रता), आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी व सोडियम, हे नमुने एकाच वेळी घ्यावेत, तेही सलाईन किंवा लघवीचं इंजेक्शन देण्याआधी. लघवीची ऑस्मोलॅलिटी १००च्या खाली असेल तर मूत्रपिंड बरोबर वागतंय, माणूस पाणी फार पितोय किंवा जेवण फार कमी आहे. १००च्या वर असेल तर एडीएच चालू आहे. मग लघवीतलं सोडियम ३०च्या खाली म्हणजे धमन्यांत भरणा कमी, वर असेल तर एसआयएडीएच (गरज नसताना एडीएच सुटत राहण्याचा विकार), औषधं किंवा अॅड्रिनल-थायरॉइडकडे बघायचं. रुग्ण लघवीची गोळी घेत असेल तर लघवीतल्या सोडियमवर भरवसा ठेवता येत नाही.

शरयू_वॉर्ड

लॅबवालादादांनी एसआयएडीएच म्हटलंय, तिथे वॉर्डात हमखास होणारी चूक सांगते. सोडियम कमी म्हणून साधं ०.९ टक्के सलाईन लावलं जातं आणि दुसऱ्या दिवशी सोडियम आणखी उतरतं. नातेवाईक विचारतात, मीठच तर दिलं ना?

हिशोब करून बघा. एक लिटर सलाईनमध्ये ३०८ मिलिऑस्मोल. एसआयएडीएचमध्ये मिठाची यंत्रणा ठणठणीत असते, दिलेलं मीठ ती बाहेर टाकते. पण लघवीची तीव्रता ६००वर अडकलेली असेल तर ते सगळं मीठ सुमारे ५१० मिलि लघवीतच निघून जातं. दिलेल्या लिटरमधलं उरलेलं जवळपास ४९० मिलि निव्वळ पाणी अंगात राहिलं! म्हणून इथे पहिला उपचार पाणी कमी करणं, बहुतेकांना दिवसाला ८०० ते १००० मिलि. त्यात चहा, ताक, आमटी, औषधासोबतचं पाणी सगळं धरायचं. एक ठरावीक बाटली सकाळी भरून ठेवली आणि दुसरं काही प्यायल्यावर तेवढं तिच्यातून ओतून टाकलं, की घरच्यांना मोजणं जमतं.

झटके, बेशुद्धी, सतत उलट्या असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा ३ टक्के सलाईन १०० ते १५० मिलि, दहा-वीस मिनिटांत, गरज पडली तर पुन्हा. हे हॉस्पिटलातच. सोडियम ४ ते ६ने वर आलं की मेंदूची सूज उतरायला तेवढं पुरतं.

आणि इथून पुढे उलटा धोका. दोन दिवसांहून जास्त काळ कमी असलेलं सोडियम २४ तासांत ८च्या वर चढवू नये. मेंदूच्या पेशींनी स्वतःतले क्षार सोडून त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतलेलं असतं. घाईने वर नेलं तर पेशी आक्रसतात आणि नसांवरचं आवरण सुटतं. दोन ते सहा दिवसांनी बोलणं जड, गिळता न येणं, हातपाय लुळे असं दिसू लागतं. दारूचं व्यसन, कुपोषण, यकृताचा आजार, पोटॅशियम कमी किंवा सोडियम १०५ आणि त्याखाली असेल तर धोका जास्त.

नर्सिंगच्या मैत्रिणींनी लघवीच्या पिशवीवर डोळा ठेवावा. थायाझाइड बंद केलं, किंवा जुलाबाच्या रुग्णाचा भरणा पूर्ण झाला, की एडीएचचं कारणच संपतं आणि अचानक स्वच्छ पाण्यासारखी लघवी सुरू होते. तासाला १०० मिलिच्या वर गेली की पुढच्या राउंडची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं आणि सोडियम लगेच तपासायचं. पोटॅशियम दिलं तरी सोडियम चढतं, हेही हिशोबात धरायचं.

धावपटू_सातारा

इथल्या जाणकारांना दोन प्रश्न. लांब पल्ल्याच्या शर्यतीत 'तहान लागण्याआधी प्या' म्हणतात ते बरोबर का? आणि एप्रिल-मे मध्ये उसाच्या फडात, बांधकामावर काम करणाऱ्यांनी किती प्यावं?

वृक्कमित्र

शर्यतीसाठी, नाही. तहान लागली की प्यावं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं. सर्वांत ठळक संबंध निघाला धावताना वजन वाढण्याशी, म्हणजेच घामापेक्षा जास्त पिण्याशी. लांब धावताना ताण, वेदना, मळमळ यांमुळे एडीएच चालू राहतं, त्यामुळे जास्तीचं पाणी बाहेर पडत नाही. बाजारातल्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये सोडियम साधारण लिटरला २० मिलिमोल असतं, रक्तात १४०. त्यामुळे तेही अति प्यायलं तर रक्त पातळच होतं. सरावात धावण्याआधी-नंतर वजन करा. थोडं घटलेलं चालेल, वाढता कामा नये. शर्यतीआधी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, ती एडीएचचा असर वाढवतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही कमी करतात.

उन्हातलं काम आठ-दहा तासांचं, घाम लिटरांनी जाणारा. लिटरभर घामात सोडियम २० ते ८० मिलिमोल, माणसागणिक वेगळं. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, पण तासाला दीड लिटरच्या वर नाही, आणि भाकरीबरोबर नेहमीचं मीठ, ताक. नुसत्या पाण्यावर दिवस काढू नये.

अंगदुखीची गोळी हा या कामातला खरा घातक भाग. मूत्रपिंडाच्या गाभ्यात आधीच ऑक्सिजन तुटपुंजा असतो, कारण हेन्लेचा जाड भाग मीठ ओढण्यात तो खूप खर्च करतो. अंगातलं पाणी घटलं की प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलंच रसायन रक्तवाहिन्या उघड्या ठेवून मूत्रपिंडाचा पुरवठा टिकवतं. वेदनाशामक गोळी नेमकं तेच बंद करते. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असेल तर तिन्ही मिळून मूत्रपिंड एकाएकी निकामी होऊ शकतं.

आहार_माधवी

मिठाचे आकडे देते. १ ग्रॅम मिठात ३९३ मिलिग्रॅम, म्हणजे १७ मिलिमोल सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. खरं किती खातोय हे कळायचा सर्वांत भरवशाचा मार्ग २४ तासांची लघवी. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहायची, नंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळची पहिली धरून. आलेलं सोडियम भागिले १७ बरोबर मिठाचे ग्रॅम. १७० आलं तर १० ग्रॅम. घामातून आणि शौचातून थोडं जातं, म्हणून खरा आकडा याहून किंचित जास्त. त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही (रोज साधारण तेवढाच बाहेर पडणारा टाकाऊ घटक) करून घ्या, ते अपेक्षेपेक्षा खूप कमी आलं तर मधली एखादी लघवी जमा करायची राहिली असं समजा.

सैंधव, काळं मीठ, समुद्री मीठ ही सगळी मुख्यतः सोडियम क्लोराइडच, बीपीसाठी त्यांत सूट नाही. कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. मूत्रपिंड चांगलं असेल तर ते उपयोगी. चीनमधल्या ६०० गावांत ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास २०२१मध्ये आला. पण मूत्रपिंडाचा जुनाट आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम चढून हृदयाची लय बिघडू शकते. अशांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये.

ज्येष्ठांसाठी आणखी एक. लघवीत पाणी टाकायलाही क्षार आणि युरिया लागतात. नेहमीच्या जेवणातून दिवसाला ६०० मिलिऑस्मोल मिळतात. सर्वांत पातळ लघवी लिटरला ५० मिलिऑस्मोलची, म्हणजे १२ लिटरपर्यंत पाणी टाकता येतं. पण दिवसभर चहा-टोस्ट आणि पातळ पेजेवर असलेल्या आजींना २०० मिलिऑस्मोलच मिळाले तर कमाल ४ लिटर, तेही मूत्रपिंड तरुणासारखं असेल तर. वय झालेल्या मूत्रपिंडाला ५०ची लघवी जमत नाही. तिथे डाळ, अंडं, दूध वाढवलं तरी सोडियम सुधारायला हातभार लागतो.

माळरान

ज्येष्ठांचा विषय निघालाच आहे तर, दिवसा लघवी कमी आणि रात्री चार-पाचदा, हे मूत्रपिंडाचं की प्रोस्टेटचं?

शरयू_वॉर्ड

आधी मोजून बघायचं. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात घ्या, वेळ लिहा. झोपल्यापासूनची आणि उठल्यावरची पहिली, यांची बेरीज २४ तासांच्या एकूण लघवीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भरली तर रात्रीच लघवी जास्त बनतेय. प्रत्येक वेळी थोडी-थोडीच होत असेल आणि एकूण ठीक असेल तर मूत्राशय-प्रोस्टेटकडे बघायचं.

रात्री जास्त बनण्याची कारणं: वयानुसार रात्रीचं एडीएच कमी पडतं, आणि लघवी घट्ट करायची ताकद १२००वरून ९००च्या आसपास किंवा खाली येते. दिवसभर पायांत साचलेलं मीठ-पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर हृदयातून नॅट्रियुरेटिक पेप्टाइड सुटतं, म्हणून घोरण्याबद्दलही डॉक्टरांना सांगावं. उपाय म्हणून दुपारी तासभर पाय उंच करून पडावं, रात्रीच्या जेवणात मीठ कमी, आणि लघवीची गोळी चालू असेल तर तिची वेळ दुपारी आणता येईल का ते विचारावं. डेस्मोप्रेसिन (एडीएचसारखं काम करणारं औषध) स्वतःहून अजिबात नको. पासष्टीपुढे त्याने सोडियम धोकादायक उतरतं.

फार्मसी_कट्टा

जुलाब-उलट्यांचं राहिलं. ओआरएसच्या साडेवीस ग्रॅमच्या पुडीत सोडियम क्लोराइड २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९ ग्रॅम, आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायची. अंदाजाने अर्धी पुडी पेल्यात टाकली तर द्रव फार खारट होतो, लहान मुलांना त्याचा त्रास होतो. २०० मिलिची छोटी पुडी वेगळी मिळते, ती घ्या. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखर चवीसाठी नसते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकाच वाहकावरून आत जातात, पाणी त्यांच्यामागे. १९७१मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलऱ्याच्या हजारो रुग्णांना हेच पाजून वाचवलं.

माळरान

आणि अशा जुलाबात बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या चालू ठेवायच्या का?

फार्मसी_कट्टा

खाणंपिणं पोटात टिकत नसेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून या गोळ्यांबद्दल विचारा: लघवीच्या गोळ्या, 'सार्टन' आणि 'प्रिल' शेवट असलेल्या बीपीच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, 'ग्लिफ्लोझिन' शेवट असलेल्या शुगरच्या गोळ्या, आणि सगळी वेदनाशामकं. बहुतेक वेळा त्या तात्पुरत्या थांबवून नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी पुन्हा सुरू करायला सांगतात. इन्सुलिन मात्र मनाने बंद करायचं नाही. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळ्या) पण नाही. मधुमेहाच्या वहीत ही यादी आधीच डॉक्टरांकडून लिहून घेतलेली बरी, रात्री दोन वाजता फोन लागेलच असं नाही.